शुश्रूषा करणाऱ्याचा थकवा : स्मृतिभ्रंशाच्या घरांविषयी काही विचार

'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपल्याकडे इतक्या सहजपणे उच्चारली जाते की, तिच्या आडोशाला एक आजार बसलेला असू शकतो याचे भान राहत नाही. वृद्ध मनुष्य एखादे नाव विसरला, चष्मा कोठे ठेवला ते त्याला आठवेना, तर ते वयाचे लक्षण म्हणून सोडून देता येईल. परंतु चष्मा हातात घेऊन ही वस्तू कशासाठी असते असा प्रश्न त्याला पडू लागला, चाळीस वर्षे ज्या रस्त्याने तो कामावर गेला त्याच रस्त्यावर तो हरवू लागला, सारी हयात चुलीपुढे गेलेल्या बाईला चहात आधी काय घालावयाचे ते उमगेना, तर ते नुसते वय नव्हे. तो मेंदूचा आजार आहे. त्यास स्मृतिभ्रंश किंवा डिमेन्शिया म्हणतात. या आजाराविषयी अलीकडे वर्तमानपत्रांतून बरेच लिहिले जाते. आम्हाला मात्र या लेखात रुग्णापेक्षा रुग्णाच्या उशाशी बसलेल्या व्यक्तीविषयी अधिक लिहावयाचे आहे.

विद्यार्थी वाचकांसाठी थोडा इतिहास सांगणे आवश्यक आहे. १९०१ साली जर्मनीतील फ्रँकफर्ट येथील रुग्णालयात ऑगस्टे डेटर नावाची एक्कावन्न वर्षांची स्त्री दाखल झाली. तिचा पती रेल्वेच्या नोकरीत होता. ती त्याच्यावर विनाकारण संशय घेई, वस्तू लपवून ठेवी, घरात सैरभैर फिरे. घरी सांभाळणे अशक्य झाले तेव्हा त्याने तिला तेथे आणले. तिला तपासणारे डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी तिच्या मृत्यूनंतर १९०६ साली तिच्या मेंदूतील बदलांची माहिती प्रथम मांडली आणि १९१० साली क्रेपेलिन यांनी आपल्या ग्रंथात या आजारास अल्झायमर यांचे नाव दिले. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांपैकी साठ ते सत्तर टक्के रुग्णांना हाच आजार असतो. त्याखालोखाल मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या विकारामुळे होणारा प्रकार येतो. ग्रंथांत डॉक्टर आणि रुग्ण या दोघांची नावे हमखास सापडतात. पतीचा उल्लेख क्वचितच एका ओळीपुढे जातो. शुश्रूषा करणाऱ्याच्या वाट्याला येणारी ही एक ओळ आम्हाला फार बोलकी वाटते.

आपल्या देशात साठ वर्षांवरील व्यक्तींमध्ये या आजाराचे प्रमाण सुमारे ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख रुग्ण, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीतून निघाला. पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत हे प्रमाण अधिक आढळले. ज्यांना शिक्षणाची संधी मिळाली नाही त्यांच्यातही ते अधिक आहे. आपल्या समाजातील आधीच्या पिढीला, विशेषतः स्त्रियांना, शाळेचे दार किती उशिरा उघडले हे येथे नव्याने सांगण्याची गरज नाही.

एक गोष्ट आधीच नोंदवून ठेवतो. विसरणे सुरू झाले म्हणजे तो स्मृतिभ्रंशच, असे घरीच ठरवू नये. थायरॉइडचा विकार, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, नैराश्य, डोक्याला मार लागून आत साकळलेले रक्त यांमुळेही माणूस विसरतो, आणि वेळीच उपचार झाले तर सुधारतो. म्हणून केसपेपर काढून तपासणी करून घ्यावी. आपल्या भागात के.ई.एम., नायर, जे.जे. ही मोठी सार्वजनिक रुग्णालये हाकेच्या अंतरावर आहेत. त्याचप्रमाणे, आजाराचे निदान झालेला रुग्ण दोन दिवसांत एकाएकी फार बिघडला, तर 'आजार वाढला' म्हणून गप्प बसू नये. पुष्कळदा लघवीतील जंतुसंसर्ग, पाणी कमी पिणे किंवा बद्धकोष्ठ ही त्यामागची कारणे असतात.

आता मुख्य विषयाकडे वळू. आजार मुळापासून बरा करील असे औषध अद्याप नाही. आजार पाच वर्षे चालतो, दहा वर्षेही चालतो. या काळात खरा उपचार म्हणजे सांभाळणे, आणि ते घरातील एका माणसावर येऊन पडते. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जगभर या रुग्णांच्या शुश्रूषेचे सुमारे सत्तर टक्के तास स्त्रिया देतात आणि घरचा शुश्रूषक २०१९ साली दिवसाला सरासरी पाच तास देत होता. आमच्या परिचयाच्या घरांत पाच तासांचा हिशोब कोणालाच पटणार नाही. अमेरिकेतील नॅन्सी मेस आणि डॉ. पीटर रॅबिन्स यांनी १९८१ साली कुटुंबीयांसाठी लिहिलेल्या पुस्तकाचे नावच मुळी 'छत्तीस तासांचा दिवस' अशा अर्थाचे आहे. ज्यांनी हे भोगले आहे त्यांना त्या नावाचा अर्थ समजावून द्यावा लागत नाही.

आमच्या माहितीतील एका घराचे उदाहरण घेऊ. घर लालबागचे, आजोबा कापड गिरणीतले जुने कामगार. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात अडीच लाख कामगारांबरोबर तेही बाहेर पडले आणि पुन्हा खात्यात गेले नाहीत. गिरणी गेली, तेथे उंच इमारत उभी राहिली. परंतु आजोबांच्या मेंदूत भोंगा अजून वाजतो. रात्री अडीच-तीनला उठून ते सदरा चढवितात आणि डबा मागतात. 'बाबा, गिरणी बंद झाली' असे सांगितले की संतापतात, कारण त्यांच्या दृष्टीने त्यांचा खाडा होणार असतो. सून उठते, रिकामा डबा त्यांच्या हाती देते, 'आज सुट्टी आहे, फळ्यावर लिहिलंय' असे म्हणते. कधी ते ऐकतात. कधी दाराची कडी उघडून जिन्यापर्यंत जातात. ती पुन्हा झोपते तेव्हा चार वाजलेले असतात आणि साडेपाचला पाणी येते. हे एका रात्रीचे नव्हे. ही तिसरी वर्षाची गोष्ट आहे.

त्या सुनेचा रक्तदाब वाढलेला आहे. तिची स्वतःची गोळी मात्र आठवड्यातून दोनदा राहते. कंबर दुखते. ती लग्नकार्याला जात नाही, वाचनालय सुटले. कोणी 'कशी आहेस?' असे विचारले तर ती 'बाबा बरे आहेत' असे उत्तर देते. शुश्रूषकाच्या थकव्याचे याहून नेमके लक्षण आम्हाला ठाऊक नाही. अमेरिकेतील संशोधक स्टीव्हन झॅरिट यांनी १९८० साली हा भार मोजण्यासाठी एक प्रश्नावली तयार केली. स्वतःसाठी वेळ उरत नाही असे वाटते का, रुग्णाच्या वागण्याचा राग येतो का, आपली प्रकृती बिघडली असे वाटते का, हे सारे याहून अधिक करावयास हवे होते असे वाटते का, अशा स्वरूपाचे ते प्रश्न आहेत. शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. जी व्यक्ती सर्वांत जास्त करते तिलाच आपण कमी पडतो असे वाटत असते.

याबरोबर राग येतो, हेही स्पष्ट लिहिले पाहिजे. एकच प्रश्न तासात वीस वेळा ऐकल्यावर आवाज चढतो. 'माझे पैसे तूच चोरलेस' हा आरोप ज्याच्यासाठी आपण राबतो त्याच्याच तोंडून ऐकल्यावर डोळ्यांत पाणी येते. कधी हात उगारला जातो, आणि मग रात्रभर त्याचीच खंत. 'आता हे संपले तर बरे' असा विचार मनात येऊन गेला म्हणून स्वतःला पापी समजणाऱ्या कितीतरी लेकी-सुना आहेत. तो विचार थकलेल्या शरीराचा असतो. त्यावरून माणसाची नीती ठरवू नये. दुसरे असे की, माणूस समोर बसलेला असताना त्याचे जाणे या घरांत रोज घडत असते. अमेरिकन अभ्यासक पॉलीन बॉस यांनी या अवस्थेला 'संदिग्ध हानी' अशा अर्थाचे नाव दिले आहे. मृत्यू झाला की लोक येतात, बसतात, धीर देतात. येथे मृत्यू झालेला नसतो म्हणून कोणी येत नाही आणि दुःख तर चालूच असते.

घरातल्या राजकारणाविषयीही थोडे. कल्याण-बदलापूरला राहणारा धाकटा मुलगा रविवारी फळे घेऊन येतो. पाहुणा आला की रुग्ण सावरून बसतो, चार वाक्ये नीट बोलतो. हा या आजाराचा सर्वत्र आढळणारा विशेष आहे. मग धाकटा म्हणतो, 'वहिनी, बाबा तर चांगले बोलतात की! तुम्हीच जरा जास्त टेन्शन घेता.' तीन वर्षांच्या जागरणावर हे एक वाक्य पाणी ओतते. आमची सूचना अशी की, अशा भावाने फळे न आणता शनिवार रात्र ते सोमवार सकाळ मुक्कामाला यावे आणि वहिनीला माहेरी पाठवावे.

जागेचा प्रश्न आपल्या भागात फार वेगळ्या तऱ्हेने येतो. बी.डी.डी. चाळीतील खोली १६० चौरस फुटांची. तेथे रुग्ण जागा झाला की सारे घर जागे होते. परीक्षेला बसलेली मुलगी गॅलरीत दिव्याखाली पुस्तक घेऊन बसते. शौचालय गॅलरीच्या टोकाला, रात्री तेथवर नेणे-आणणे हेच एक काम. हा चाळीचा जाच. परंतु त्याच गॅलरीने कित्येक रुग्णांना हरवू दिले नाही, हेही खरे. आजोबा जिन्याकडे निघाले की कोणीतरी 'काका, कुठे चाललात? या, चहा घ्या' म्हणून परत आणतो. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बी.डी.डी. चाळींतील ५५६ कुटुंबांना नव्या इमारतींतील ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. नायगाव आणि ना. म. जोशी मार्ग येथील चाळींचाही पुनर्विकास हाती घेण्यात आला आहे. घरात स्वतःचे शौचालय येणे ही शुश्रूषकाच्या दृष्टीने केवढी मोठी गोष्ट आहे ते चाळीत राहिलेल्यांनाच कळेल. मात्र स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला नवी जागा शिकता येत नाही. तो जुनी खोली शोधत लिफ्टसमोर उभा राहतो, सगळे मजले सारखे दिसतात आणि सगळी दारे बंद असतात. ज्या घरात असा रुग्ण आहे त्यांनी जाण्यापूर्वी शेजारी कोण येणार याची चौकशी करावी, त्याची खाट, घड्याळ, भिंतीवरची तसबीर जशीच्या तशी नेऊन लावावी, खिशात नाव व फोन नंबरची चिठ्ठी शिवून ठेवावी आणि खाली पहारेकऱ्याला रुग्ण दाखवून ठेवावा.

शुश्रूषेचा प्रश्न आला की विनयपिटकातील महावग्गात आलेला एक प्रसंग आपल्या वाचकांस आठवेल. पोटाच्या विकाराने एक भिक्खू स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला होता आणि त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते. भगवंतांनी आनंदाकडून पाणी आणवले, दोघांनी मिळून त्याला धुतले आणि उचलून मंचकावर निजविले. हा प्रसंग आपण पुष्कळदा ऐकतो. त्यापुढचा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. आजारी भिक्खूची शुश्रूषा कोणी करावी याचा क्रम तेथे लावून दिलेला आहे: गुरू असेल तर गुरूने, शिष्य असेल तर शिष्याने, आणि यांपैकी कोणीच नसेल तर संघाने. संघाने केली नाही तर तो संघाचा दोष. म्हणजे जबाबदारी एका व्यक्तीवर कायमची टाकून बाकीच्यांनी मोकळे व्हावे, अशी ती व्यवस्था नाही.

त्याच ठिकाणी कोणत्या रुग्णाची शुश्रूषा कठीण असते याची पाच लक्षणे दिली आहेत. तो पथ्य पाळत नाही, त्याला प्रमाण कळत नाही, औषध घेत नाही, आपल्याला काय होते ते खरे सांगत नाही, वेदना सोसत नाही. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला ही पाचही लक्षणे लागू पडतात. फरक इतकाच की त्यात त्याचा काही दोष नसतो. शुश्रूषा कठीण असू शकते हे अडीच हजार वर्षांपूर्वी मान्य केले गेले होते. आपण मात्र सुनेने 'मला जमत नाही' म्हटले की तिच्या संस्कारांची चर्चा करतो. पुढे असेही सांगितले आहे की, भिक्खू वारल्यावर त्याच्या वस्तूंवर मालकी संघाची, तरी त्याचे पात्र व चीवरे शुश्रूषा करणाऱ्यास द्यावीत, कारण शुश्रूषकाचे उपकार मोठे असतात. घराच्या वाटण्या होताना, खोली कोणाच्या नावावर जाणार हे ठरताना, ज्या लेकीने किंवा सुनेने आठ वर्षे अंथरूण बदलले तिचा विचार किती घरांत होतो, हे ज्याने त्याने पाहावे.

शुश्रूषकाला मदत म्हणजे काय याचे आपल्या शेजारचे उत्तम उदाहरण गोव्याचे आहे. तेथे डॉ. अमित डायस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन तालुक्यांतील ८१ कुटुंबांवर केलेला अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. त्यांनी गावातल्याच, बारावीपर्यंत शिकलेल्या आणि माणसांशी बोलण्याची हातोटी असलेल्या व्यक्ती निवडल्या, त्यांना थोडे दिवस प्रशिक्षण दिले आणि सहा महिने त्या कुटुंबांच्या घरी पाठविले. या कार्यकर्त्या आजार म्हणजे काय ते समजावून देत, अंघोळ, जेवण, भटकणे यांवर तोडगे सुचवीत, नातेवाइकांना एकत्र बसवून कामाची वाटणी करण्यास मदत करीत आणि मुख्य म्हणजे शुश्रूषकाचे ऐकून घेत. गरज पडल्यास मानसोपचारतज्ज्ञांकडे नेत. ज्या कुटुंबांना ही मदत मिळाली त्यांतील शुश्रूषकांचे मानसिक आरोग्य सुधारले आणि रुग्णाच्या वागण्याचा त्यांना होणारा त्रास कमी झाला. रुग्ण बरे झाले नव्हते; सांभाळणारी माणसे सावरली होती. यात कोणतेही महागडे यंत्र नाही. बारावी झालेली माणसे आपल्या प्रत्येक चाळीत आहेत आणि ज्या संस्था धम्मवर्ग, अभ्यासिका, वधू-वर मेळावे नेमाने चालवितात त्यांना हे अवघड नाही. आठवड्यातून दोन दिवस दुपारी दोन ते पाच कोणीतरी रुग्णाजवळ बसले तर त्या बाईला तीन तास सलग झोप मिळते. प्रारंभ एवढाच असावा.

बाकी रोजच्या व्यवहारात काही गोष्टींनी श्रम कमी होतात. रुग्णाची परीक्षा घेऊ नये. 'मला ओळखलंस का?' या प्रश्नाने दोघांचेही दुःख वाढते, त्याऐवजी 'मी सुमन, तुमची सून' असे सांगून टाकावे. वाद घालू नये, विषय बदलावा. दिवसा थोडे चालवून आणावे म्हणजे रात्र बरी जाते. गॅसचा मुख्य कॉक रात्री बंद ठेवावा. झोपेच्या किंवा शांत ठेवण्याच्या गोळ्या शेजाऱ्याच्या सांगण्यावरून देऊ नयेत. या रुग्णांत त्यांतील काहींमुळे पडण्याचा आणि पक्षाघाताचा धोका वाढतो. मदतीसाठी ज्येष्ठ नागरिकांची १४५६७ ही आणि मानसिक आरोग्याची १४४१६ ही शासकीय दूरध्वनी सेवा आहे. दुसरी शुश्रूषकाने स्वतःसाठी वापरावी. १९९२ साली स्थापन झालेली 'अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया' ही संस्था कुटुंबीयांसाठी काम करते आणि १९९५ पासून मुंबईत ज्येष्ठांसाठी काम करणाऱ्या डिग्निटी फाउंडेशननेही या विषयाला हात घातला आहे.

शासनाचे काय? १९२८ साली मुंबई कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाचे विधेयक आले तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा देताना असा युक्तिवाद केला की, मातेला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार बऱ्याच अंशी सरकारने उचलला पाहिजे. १९२९ साली तो कायदा झाला. परळ-लालबागच्या गिरण्यांतील बायकांना त्याचा लाभ मिळाला. घरातील शुश्रूषा ही केवळ त्या घराची खासगी बाब नाही, हे तत्त्व त्यात होते. पुढे २००८ साली केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना ७३० दिवसांची बालसंगोपन रजा मिळू लागली. मातापित्यांच्या शुश्रूषेसाठी मात्र तशी स्वतंत्र रजा नाही. २००७ च्या कायद्याने वृद्धांना टाकून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जो टाकत नाही त्याला काय, याबद्दल कायदा गप्प आहे. कर्मचारी संघटनांनी हा मुद्दा आपल्या मागणीपत्रात घालावा असे आम्हांस वाटते.

शेवटी आमच्या बँकेच्या टेबलावरून दिसणाऱ्या दोन-चार गोष्टी, कारण शुश्रूषकाच्या थकव्यात कागदपत्रांच्या खेपांचा वाटा मोठा असतो. पुष्कळ लोक मुखत्यारपत्र करून निर्धास्त होतात. परंतु १८७२ च्या करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे ते देणारी व्यक्ती विकल मनाची झाली की मुखत्यारपत्र संपुष्टात येते. म्हणजे नेमक्या गरजेच्या वेळी ते निरुपयोगी ठरते. शरीराने असमर्थ खातेदाराचा अंगठा दोन साक्षीदारांसमोर घेण्याची सोय आहे, पण ती समजून अंगठा देणाऱ्यासाठी आहे. ज्याला आपण कशावर अंगठा देतो हे कळत नाही त्याचा अंगठा घेणे गैर आहे, मग पैसा त्याच्याच औषधाचा का असेना. अशा वेळी न्यायालयाकडून पालक नेमून घ्यावा लागतो. मुंबई उच्च न्यायालयाने पत्नीला किंवा मुलांना असे पालक नेमल्याची उदाहरणे आहेत, परंतु त्यात वेळ व खर्च जातो.

म्हणून निदान लवकर झाले असेल आणि रुग्णाला समजत असेल तोवरच, त्याच्या संमतीने, खाते 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो' या पद्धतीने संयुक्त करून घ्यावे, नामनिर्देशन पाहावे, मृत्युपत्र करावयाचे असल्यास डॉक्टरांच्या दाखल्यासह करावे. मुदत ठेवीबाबत एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते: या पद्धतीच्या ठेवीतही मुदतीपूर्वी पैसे काढावयाचे तर दोघांच्याही सह्या लागतात. तशी आगाऊ सूचना दोघांनी मिळून लेखी देऊन ठेवलेली असेल तरच एकाच्या सहीने काम होते. निवृत्तिवेतनासाठी नोव्हेंबरात द्यावयाचा हयातीचा दाखला घरी बसून मोबाइलवर चेहरा दाखवून देण्याची सोय २०२१ पासून झाली आहे. बोटांचे ठसे झिजलेल्या वृद्धांसाठी ती बरी पडते. सत्तर वर्षांवरील खातेदारांना घरपोच सेवेची तरतूद आहे, शाखेत अर्ज द्यावा. केंद्र सरकारच्या ऐंशी वर्षांवरील निवृत्तिवेतनधारकांना हा दाखला १ ऑक्टोबरपासूनच देता येतो. तेव्हा खिडकीवर गर्दी नसते, आणि टॅक्सी करून रुग्णाला आणावेच लागले तर सकाळी साडेदहाच्या सुमारास, त्याचे जेवण-औषध सांभाळून, पटकन काम उरकते.